मुक्काम पोस्ट फोल्डर

बोदवड आपल्या जागेवरून इंचभरही हललेलं नाही. भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसावं, मलकापूरच्या अलीकडे उतरावं, की आलं बोदवड. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, तेव्हापासून रूळ याच बाजूनं जातात आणि गाव त्यांची वाट पाहत तिथेच बसलेलं आहे. पत्ता मात्र या गावानं इतक्या वेळा बदलला, की पुण्यातल्या भाडेकरूनं मान खाली घालावी.

१९०६ पर्यंत आमचा जिल्हा खानदेश. त्या साली सरकारनं खानदेशाचे दोन तुकडे केले. आम्ही पूर्व खानदेशात पडलो, धुळेकर पश्चिमेत. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. १९७२ मध्ये पत्त्याच्या शेपटीला सहा आकडे लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस बोदवड स्वतःच तालुका झालं आणि 'ता.' या अक्षरापुढे दुसऱ्याच्या गावाचं नाव लिहिण्याची नामुष्की संपली. म्हणजे आजोबा, वडील आणि मी, एकाच घरात, एकाच ओट्यावर बसून, निरनिराळ्या पत्त्यांवर जगलो.

हा इतिहास मी एकदा आमच्या भाच्याला ऐकवला. एरवी मामाचा इतिहास सुरू झाला की त्याला नेमका फोन येतो. या वेळी तो सरसावून बसला आणि म्हणाला, "मामा, आम्हाला तर ह्याच भानगडीचा पगार मिळतो."

भाचा पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. तो प्रोग्राम लिहितो अशी आमच्या नातेवाइकांची समजूत आहे, आणि स्थळं येण्याच्या दृष्टीनं ती तशीच राहू द्यावी असं ताईचं मत आहे. प्रत्यक्षात प्रोग्राम दुसरेच लिहितात. हा तो बांधतो आणि जिथे चालायचा तिथे नेऊन ठेवतो. बांधण्याला ते 'बिल्ड' म्हणतात, बांधून तयार झालेल्या गठ्ठ्याला 'आर्टिफॅक्ट', नेऊन ठेवण्याला 'डिप्लॉय', आणि कुठून उचलायचं व कुठे ठेवायचं त्या पत्त्याला 'पाथ'. या चार शब्दांवर पुण्यात फ्लॅट होतो.

खानदेशातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. शेतातून कापूस येतो तो सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी निराळी, रुई निराळी. मग प्रेसमध्ये रुई दाबून तिची गठाण बांधतात, हल्लीच्या मापानं १७० किलोची. शेतातला कापूस म्हणजे लिहिलेला प्रोग्राम आणि गठाण म्हणजे आर्टिफॅक्ट. १९२५ च्या कायद्यानं प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि क्रमांक घालणं सक्तीचं केलं, कारण भेसळ निघाली तर कुणाचा कान धरायचा हे कळायला हवं. भाच्याच्या गठ्ठ्यावरही असाच क्रमांक असतो आणि त्याचा उपयोगही कान धरण्यासाठीच होतो. राहता राहिला पत्ता. गठाण कितीही उत्तम बांधली आणि भुसावळला चुकीच्या डब्यात चढली, तर नागपूरऐवजी खंडव्याच्या फाट्याला लागते. डुलकी लागलेले बोदवडकर ज्या रस्त्यानं अवेळी बऱ्हाणपूर पाहून आले आहेत, त्याच रस्त्यानं.

आता गंमत अशी, की आपण पत्ता लहानाकडून मोठ्याकडे लिहितो. नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. कॉम्प्युटर उलटा लिहितो: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि घरातला माणूस शेवटी. आमचं घर त्याच्या भाषेत '/महाराष्ट्र/जळगाव/बोदवड/वाडा/मामा' असं होईल. मधल्या तिरप्या रेघा म्हणजे 'च्या आत'. सगळ्यात आधीची एकटी रेघ म्हणजे मूळ पुरुष. त्याच्या वर कोणी नाही.

या वंशावळीची नीट मांडणी १९६५ मध्ये अमेरिकेत झाली. मल्टिक्स नावाच्या एका भव्य कॉम्प्युटर योजनेसाठी डेली आणि न्यूमन या दोघांनी एक निबंध वाचला: फायली एका ढिगात ठेवू नयेत, झाडासारख्या ठेवाव्यात, फांदीला फांदी, फांदीला पान. कारण साधं होतं. एकाच यंत्रावर अनेक माणसं काम करू लागली आणि प्रत्येकाला आपल्या फायलीला 'हिशेब' असंच नाव द्यायचं होतं. एका गावात चार रामभाऊ असले की 'वरच्या आळीतला रामभाऊ' म्हणावं लागतं, तसाच हा प्रकार. मल्टिक्समध्ये दोन नावांच्या मध्ये बाणाच्या टोकासारखी खूण असे. पुढे बेल प्रयोगशाळेतल्या मंडळींनी युनिक्स केलं आणि बाणाऐवजी तिरपी रेघ घेतली.

त्याच युनिक्सवाल्यांनी १९७१ च्या सुमारास एक घोटाळा करून ठेवला, तो अजून निस्तरतो आहे. त्यांच्या यंत्राची पहिली तबकडी भरली. दुसऱ्या तबकडीवर वापरणाऱ्या लोकांची बिऱ्हाडं होती आणि त्या भागाचं नाव 'यूएसआर'. अडचण होती म्हणून यंत्राचे स्वतःचे प्रोग्राम त्यांनी तात्पुरते तिकडे नेऊन ठेवले. पाहुणे वाढले, तशी वापरणाऱ्यांना 'होम' नावाची नवी वसाहत काढून द्यावी लागली. आज यूएसआरमध्ये वापरणारा कोणी राहत नाही, नाव मात्र तेच. पण आपण हसू नये. शनिवार पेठेत बाकीचे सहा दिवसही लोक राहतातच. शेवटी लिनक्सवाल्यांनी १९९४ मध्ये कोणती वस्तू कुठल्या आळीत ठेवायची याची नियमावली काढली, तेव्हा कुठे वाटपाची भांडणं थोडी कमी झाली.

घराघरांत पोचलेल्या छोट्या कॉम्प्युटरची कथा आणखी निराळी. १९८१ मध्ये डॉस आलं, त्यात फोल्डर नव्हतेच. सगळा एकच दिवाणखाना. तिरपी रेघ त्यांनी भलत्याच कामाला लावली होती: हुकमाच्या पुढे 'असं कर, तसं कर' सांगण्यासाठी. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पण रेघेची जागा अडलेली. मग त्यांनी रेघ उलटी कलवली. त्या कलण्याला आता चाळीस वर्षं उलटून गेली. अजूनही गठ्ठा बांधणारं यंत्र एका बाजूला कलतं आणि चालवणारं यंत्र दुसऱ्या बाजूला. भाच्यासारखी मंडळी मधे उभी राहून रेघा सरळ करतात. म्हणजे तिरप्याच, पण सरळ.

याच सुमाराच्या आगेमागे आपल्याकडे एका मराठी माणसानं हाच प्रश्न केवढ्या शांतपणे सोडवला होता! श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित, संस्कृतात नाटकं लिहिणारे, आणि पोटासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी. देशात एकाच नावाची शेकडो गावं, लिप्या अनेक, अक्षरं देवाघरची. १५ ऑगस्ट १९७२ ला त्यांचा पिन कोड सुरू झाला. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग, दुसरा त्याचा पोटविभाग, तिसऱ्यानं टपाल छाटणीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट दाखवतात. आमचं बोदवड ४२५३१०. पाहिलंत, हासुद्धा मोठ्याकडून लहानाकडे जातो, कॉम्प्युटरसारखाच. आणि शहाणपण असं, की बोदवडचा तालुका बदलला तरी त्यात कुठेही तालुक्याचं नाव लिहिलेलं नाही. पुसायचं काय?

भाच्याच्या मते सगळ्या धंद्याचं मर्म इथेच आहे. पत्त्यात जे बदलणार ते लिहूच नये. पण माणसाचा स्वभाव असा, की तो आपल्या ओट्यावरून जग मोजतो. प्रोग्राम लिहिणारा आपल्या यंत्रावर काम करतो आणि पत्ता लिहितो: 'सी:\यूजर्स\अमुकतमुक\डेस्कटॉप\नवा फोल्डर (२)'. त्याच्या घरी सगळं सुरळीत चालतं. गठ्ठा बांधून गिऱ्हाइकाच्या यंत्रावर गेला, की तिथे ना अमुक, ना तमुक, ना डेस्कटॉप. आमच्याकडे कोणी घर विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, "पारापासून डाव्या अंगानं ये भो." पत्ता अगदी बरोबर असतो, पण तुम्ही पारावर उभे असाल तर! विचारणारा स्टेशनावर उभा असतो.

यावर उपाय म्हणून पत्त्याच्या मुळाशी गावाचं नाव न घालता एक रिकामा कोनाडा ठेवतात. त्याला नाव द्यायचं 'माल ठेवण्याची जागा'. ही जागा कोणती, ते ज्या यंत्रावर गठ्ठा जाईल त्यानं सांगावं. आणखी एक बारकावा आहे, तो मला फार आवडला. गठ्ठ्याला दोन पत्ते असतात: बांधताना तो तात्पुरता कुठे ठेवला तो एक, आणि शेवटी कुठे नांदणार तो दुसरा. हे दोन एक समजले की घात. मुलीच्या लग्नात सामानाच्या पेट्या महिनाभर माहेरच्या ओसरीवर असतात, पण पेटीवर नाव सासरचं घातलेलं असतं. ओसरीचा पत्ता पेटीवर घातला, तर पेटी वरातीबरोबर निघून संध्याकाळी परत माहेरी येईल.

पत्त्यातल्या चुकांनी मोठमोठी घरं बसली आहेत. एक चूक मोकळ्या जागेची. 'जळगावकर आले' हे जोडून लिहिलं तर पाहुणे आले. 'जळगाव कर आले' असं तोडून लिहिलं तर वसुलीचा माणूस आला. कॉम्प्युटरचं तसंच. १९९५ मध्ये विंडोजनं 'प्रोग्राम फाइल्स' असं मधे जागा सोडून फोल्डरचं नाव ठेवलं आणि जगभरातल्या बांधणीवाल्यांनी कपाळाला हात लावला. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या एका प्रोग्रामच्या बसवण्याच्या हुकमात 'यूएसआर'नंतर चुकून एक मोकळी जागा पडली. हुकूम होता एक जुनी चिंधी पुसण्याचा. मोकळ्या जागेमुळे पत्त्याचे दोन पत्ते झाले, आणि ज्यांनी तो प्रोग्राम बसवायला घेतला त्यांची अख्खी यूएसआर आळी साफ झाली.

दुसरी चूक रिकाम्या कोनाड्याची. जानेवारी २०१५ मध्ये खेळ विकणाऱ्या स्टीम या प्रोग्रामच्या लिनक्सवरच्या आवृत्तीत एक हुकूम सापडला: 'अमुक जागेच्या खालचं सगळं पुसा.' काही लोकांच्या यंत्रावर 'अमुक जागा' भरलीच गेली नाही. आपल्याकडे '_____ येथील सर्व बांधकाम पाडावे' असा छापील हुकूम आला आणि गावाचं नाव भरायचं राहिलं, तर साधा शिपाईसुद्धा कचेरीत परत जाऊन विचारील. कॉम्प्युटर विचारत नाही. त्याच्या लेखी रिकामी जागा म्हणजे मूळ पुरुष, आणि त्याच्या खालचं सगळं म्हणजे सगळं.

तिसरी चूक माल अर्धवट पोचण्याची. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल कंपनीकडे आठ यंत्रं होती. नवा प्रोग्राम सातांवर पोचला, आठव्यावर पोचला नाही. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडला. आठवं यंत्र जुन्या सवयीनं भराभर सौदे करत सुटलं आणि पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरच्या वर बुडाले. गठाण उत्तम होती. सात गाड्या बरोबर गेल्या. आठवीकडे कोणी पाहिलं नाही.

पण डॉलर काही आपल्या खिशातले नव्हेत, तेव्हा आमच्या आत्याची हकीकत सांगतो.

आत्याचे यजमान गेले, त्यांचे जे चार पैसे आले ते तिनं एका पतपेढीत ठेवले. दर महिन्याला व्याज येतं, त्यावर तिचा दूधवाला, औषधं आणि एकादशीचे शेंगदाणे चालतात. आत्या चौथीपर्यंत शिकली, पण तिची एक वही आहे. त्या वहीत ती महिन्याच्या एक तारखेला व्याज स्वतः मांडते. ठेवीचा वाढीव दर लागू झाल्याचा कागद पतपेढीनं लावला, आत्यानं वहीत नवा आकडा मांडला, आणि पासबुकात आला जुनाच. फरक चारशे बारा रुपयांचा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, कॉम्प्युटर चुकत नाही." आत्या म्हणाली, "बरं बाबा, मग त्याला माझी वही दाखव." वही कोणी पाहिली नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा चारशे बारा. आत्यानं त्या महिन्यात गुडघ्याच्या गोळ्या एक दिवसाआड घेतल्या आणि कुणाला बोलली नाही. मला हे कळलं ते तिसऱ्या महिन्यात, गोळ्यांची पाकिटं मोजली तेव्हा.

पतपेढीचा प्रोग्राम सांभाळत होती एक पुण्याची कंपनी, आणि त्या कंपनीत पत्ते लिहिण्याच्या कामाला होता, अर्थातच, आमचा भाचा. जग लहान आहे आणि खानदेश त्याहून.

भाच्यानं रात्री बसून शोध लावला. व्याजाची दुरुस्ती कधीच झाली होती. लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिली, तपासणाऱ्यानं तपासली, गठ्ठा बांधला, क्रमांक पडला. हा गठ्ठा 'ड्रॉप' नावाच्या फोल्डरातून उचलून पतपेढीच्या यंत्रावर न्यायचा होता. इंग्रजीत अक्षरं मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची. बांधणाऱ्या यंत्रावर विंडोज. त्याला पहिलं अक्षर मोठं काय नि लहान काय, सारखंच. उचलणाऱ्या यंत्रावर लिनक्स. त्याच्या मते मोठ्या अक्षराचा ड्रॉप निराळा आणि लहान अक्षराचा निराळा, जसे खुर्द आणि बुद्रुक. त्यानं बुद्रुकात जाऊन पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. मग त्यानं इमानेइतबारे नोंद केली: 'शून्य फायली पोचवल्या. काम यशस्वी.' आणि हिरवा दिवा लावला. तो हिरवा दिवा पाहून पुण्यातली सगळी मंडळी चहाला गेली.

(आपल्या देवनागरीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर हा भेद नाही, हे पूर्वजांचे केवढे उपकार! ऱ्हस्वदीर्घाची बेगमी मात्र त्यांनी करून ठेवली आहे.)

हे दुखणं नवं नाही. बेल प्रयोगशाळेतच १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं बांधणीचं अवजार केलं, ते एका सहकाऱ्याच्या संतापातून. चूक दुरुस्त झालेली, पण दुरुस्त केलेला भाग नव्यानं बांधलाच नव्हता. तो बिचारा सकाळभर बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसला. म्हणजे दुरुस्ती केली आणि दुरुस्ती पोचली या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे कळायला शास्त्रज्ञाची एक सकाळ गेली. आत्याचे दोन महिने गेले.

भाच्यानं मग तीन नियम केले आणि कंपनीच्या गळी उतरवले. एक, पत्ता घेणाऱ्याच्या दारावरची पाटी वाचून लिहायचा, पाठवणाऱ्याच्या आठवणीतून नव्हे. दोन, शून्य फायली पोचल्या तर तांबडा दिवा. रिकामी पिशवी घेऊन परत आलेल्या माणसानं 'बाजार करून आलो' म्हणायचं नाही. तीन, पोचपावती. पूर्वी रजिस्टर पत्राबरोबर एक कार्ड जायचं आणि घेणाऱ्याची सही होऊन परत यायचं. तसं गठ्ठ्याचं आकड्यांतलं बोटाचं ठसं काढायचं, पोचल्यावर तिकडच्या मालाचं काढायचं, आणि दोन्ही ठसे जुळले तरच काम झालं म्हणायचं. मी म्हटलं, यात नवं काय? आमच्या पोस्टमननं हे आयुष्यभर केलं. भाचा म्हणाला, "मामा, पोस्टमनला आमच्या ऑफिसात आणायला हवं होतं."

फरकाची रक्कम पतपेढीनं सगळ्याच ठेवीदारांना परत दिली. किती म्हाताऱ्यांना ती आपली होती हेच ठाऊक नव्हतं! काउंटरवरच्या त्या मुलानं आत्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाला, "आजी, आता सगळं नीट झालं, वहीची गरज नाही."

आत्यानं चहा घेतला, खुर्चीबद्दल आशीर्वाद दिला. आणि पुढच्या एक तारखेला चष्मा लावून, नव्या पानावर तारीख घालून, पुन्हा व्याज मांडायला बसली.